पियानोमास्तर ऑडिशन देतात

गेली सव्वीस वर्षं पियानोमास्तर लोकांची अब्रू वाचवत आले होते, आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. संगीत नाटकांच्या एका धंदेवाईक कंपनीत ते कामाला होते. दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी दहा दिवस कंपनीच्या ऑडिशन चालायच्या. तिसऱ्या मजल्यावर तालमीचा हॉल, तळमजल्यावर सायकलींचं दुकान. जिन्यात उमेदवारांची रांग, प्रत्येकाच्या छातीवर टाचणीने लावलेला नंबर, आणि प्रत्येक जण असा घसा खाकरतोय की खालच्या सायकलवाल्याला वाटावं, वर दवाखाना आहे. हॉलमध्ये लांब टेबलामागे दिग्दर्शिकाबाई बसायच्या, आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, मास्तर.

उमेदवार यायचा तो आपल्या गाण्याच्या स्वरलिपीची झेरॉक्स घेऊन. त्या झेरॉक्समध्ये खालची ओळ हमखास कापली गेलेली असायची, म्हणजे डाव्या हाताने काय वाजवायचं ते देवालाच ठाऊक. मग तो चुटक्या वाजवून लय सांगायचा, आणि गायला लागला की ती सोडून भलत्याच लयीत धावायचा. कुणी ओळ गाळायचा, कुणी एकच ओळ दोनदा गायचा, कुणी पट्टी सोडून इतका खाली घसरायचा की वर काढायला दोर सोडावा लागेल. मास्तर काय करायचे? तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचे. त्याने ओळ गाळली की यांनीही गाळली, त्याने पट्टी बदलली की यांनीही बदलली. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे नाचणारा वाकडा, आणि तो सरळ दिसावा म्हणून अंगण त्याच्याबरोबर वाकडं व्हायचं. साथ म्हणजे हेच, असं मास्तरांचं मत होतं, आणि त्यांचं एवढं एकच मत होतं.

खरं तर मास्तर वाजवायला आलेच नव्हते. सत्ताविसाव्या वर्षी ते याच जिन्यात, याच रांगेत, गायला म्हणून उभे होते. त्या दिवशी कंपनीचा पियानोवाला दाढदुखीमुळे आला नाही. कुणीतरी ओरडलं, "कुणाला वाजवता येतं का?" आणि यांनी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण ते हे असं. संध्याकाळपर्यंत त्यांनी चौतीस जणांना साथ केली. त्या गडबडीत यांचा नंबर पुकारायची आठवण कुणाला झाली नाही, आणि कहर म्हणजे यांनाही झाली नाही. दाढवाल्याने पुढे दुसरीकडे काम धरलं. मास्तर बसले ते बसलेच.

घरी तरी वेगळं काय होतं? बायको चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं, की हे बरं?" विचारायचं, ती सवय घरीही सुटायची नाही. पडदे घेताना, भाजी निवडताना, रंग लावताना, "हे बरं, की हे?" मास्तरांचं उत्तर ठरलेलं : "तुला दिसेल ते." एकदा वैतागून ती म्हणाली, "अहो, माझ्याकडे भिंतीला धडकत येणारी माणसं येतात. त्यांनासुद्धा स्वतःचं मत असतं." मास्तरांनी त्यालाही मान डोलावली.

यंदाच्या हंगामात एक नवं नाटक होतं, आणि त्यात दीपगृहाचा एक म्हातारा रखवालदार होता. भूमिका केवढी, तर दुसऱ्या अंकात एकदा यायचं, तीन कडव्यांचं गाणं म्हणायचं आणि मरायचं. सगळी मिळून चार मिनिटं. स्वरलिपी वाजवून पाहायला नेहमीप्रमाणे आधी मास्तरांकडे आली. त्यांनी ती एकदा वाजवली, दोनदा वाजवली, आणि तिसऱ्यांदा हॉलमध्ये कुणी नाही असं पाहून तोंड उघडून गायली. "मी दिवा लावतो, बोट कुणाची ते विचारत नाही." हे गाणं आपलं आहे आणि ते आपणच गायचं, असं त्यांना वाटलं. त्रेपन्न वर्षांत इतकं ठामपणे त्यांना काहीच वाटलं नव्हतं, लग्न ठरतानासुद्धा.

"मी ऑडिशनला उभा राहतोय," जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं.

"कुणाच्या साथीला?"

"माझ्याच. म्हणजे मी गाणार."

तिने चमचा खाली ठेवला. "हे बरं की ते, मला न विचारता ठरवलंत?"

"हो."

"मग द्याच," ती म्हणाली. "पण तोंड समोर ठेवा हं. सव्वीस वर्षं त्यांनी तुमची पाठच पाहिलीय. तोंड दिसलं की म्हणतील, हा कोण नवीन माणूस आला." एवढं बोलून ती हसली, आणि मग बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिला बरं वाटलं होतं, ते लपत नव्हतं.

ऑफिसातल्या कारकुनाला आधी वाटलं, मास्तर कुणा शिष्याचा फॉर्म भरतायत. मग वाटलं, चेष्टा करतायत. शेवटी त्याने पेन उचललं. "अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?"

"सव्वीस वर्षं."

"ते झालं. पण कशाचा?"

मास्तरांनी विचार केला. "मागे राहण्याचा."

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला, आणि त्याने तिथे 'इतर' असं लिहिलं.

रखवालदाराच्या ऑडिशनचा दिवस उजाडला. उमेदवार सात. सातवे खुद्द मास्तर, आणि पहिल्या सहांना साथ करायला कोण? मास्तरच. दुसरं होतं कोण! आपल्याच शर्यतीत बाकीच्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायच्या, असला प्रकार. स्वतःच्या वेळेसाठी मात्र त्यांनी शिष्येला बोलावलं होतं. ही मुलगी चार वर्षं त्यांच्याकडे साथ शिकत होती. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एकच धडा दिला होता : "गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. मेलीस तरी नाही." तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पहिले पाच आले आणि गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, त्यांनाही तसंच वाटलं असावं. सहावा होता लिलाववाला. हा जुन्या फर्निचरचे लिलाव पुकारायचा. अंगाने दांडगा, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की कपाटाने आपण होऊन दार उघडावं.

मास्तरांनी सूर दिला. लिलाववाल्याने तो ऐकून घेतला आणि बोली वाढवावी तसा त्याच्या वरचा सूर लावला. मास्तरांची बोटं मुकाट्याने त्या पट्टीत चढली. प्रत्येक ओळ संपली की हा थांबायचा आणि समोर सावकाश नजर फिरवायचा. कुणी हात वर करतंय का ते पाहायची धंद्यातली सवय, दुसरं काय. त्या रिकाम्या जागांत मास्तरांनी छोट्या छोट्या सुरावटी घातल्या, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा पाण्याकडे बघतोय. तिसऱ्या कडव्याला तर तो अर्धी ओळ आधीच सुटला. मास्तरांनी मधला पियानोचा तुकडा गिळला, धावत जाऊन त्याला गाठलं आणि हात धरून शेवटापर्यंत आणलं.

गाणं संपल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय ते थांबणं!" त्या म्हणाल्या. "प्रत्येक ओळीनंतर समुद्र दिसला मला."

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला की हा आपला प्रतिस्पर्धी. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो, पण तो निदान सुरात मारत नाही.

"सातव्याला बोलवा, मास्तर," बाई कागद चाळत म्हणाल्या.

"सातवा मीच आहे."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही? गाणार?"

"इच्छा आहे," मास्तर म्हणाले आणि स्टुलावरून उठले. त्यांच्या जागी शिष्या बसली. हॉलच्या मधोमध उभं राहिल्यावर आपल्या हातांचं काय करायचं, हे मास्तरांना कळेना. शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले.

पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीआधी त्यांनी श्वास घेतला, म्हणून शिष्या किंचित थांबली. ती थांबली हे मास्तरांनी ऐकलं. सव्वीस वर्षांचे कान ते, पोरगी अडखळली की काय असं वाटून तेही जरा थांबले. सर भावनेत रंगलेत, असं समजून तिने लय आणखी उतरवली. तिला डाव्या हाताचं जमत नाहीये, असं समजून यांनी आणखी वाट पाहिली. दारात दोन सभ्य माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडकतात, तसं झालं. दुसऱ्या कडव्यात एकेक शब्द एवढा लांबला की त्याचा अर्थ मध्येच उतरून गेला. आणि मग गाणं थांबलं. साफ थांबलं. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहिली, ती स्पष्ट ऐकू आली.

"सर, गा ना!" शिष्या कुजबुजली.

"तू वाजव ना!"

"मी तुमच्या मागे आहे!"

"आणि मी तुझ्या!"

दारात उभ्या असलेल्या उमेदवारांना हसू आवरेना. बाई तर टेबलावर डोकं टेकून हसल्या. "मास्तर," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुमच्या दोघांत गाणारा कोण, ते एकदा ठरवा आणि परत घ्या."

मास्तरांचे कान तापले. अशी लाज त्यांना शाळेत चड्डी फाटली तेव्हाच वाटली होती. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच त्यांनी सुराची वाट न बघता सुरुवात केली. शिष्येची बोटं धडपडत मागे आली. एक ओळ त्यांनी घाईने म्हटली, उगाच, मनाला आलं म्हणून. पियानो आला. 'विचारत नाही' मधला 'नाही' त्यांनी हवा तेवढा लांबवला, पियानो खाली शांत वाट पाहत राहिला. त्यांनी आवाज अगदी बारीक केला, पियानो त्याहून बारीक झाला. कुठेही जा, कुणीतरी मागे आहे आणि ते पडू देणार नाही, हे मास्तरांना पाठीत कळत होतं. शेकडो माणसांना त्यांनी हे दिलं होतं, पण ते घेताना कसं लागतं याची त्यांना आजवर कल्पनाच नव्हती. अरेच्चा, लोकांना असं वाटतं होय, असं मनात येऊन त्यांचे डोळे भरले. तिसरं कडवं ते असे गायले की दारातल्यांनी खाकरणंही बंद केलं.

चहाच्या वेळी बाईंनी मास्तरांना आणि शिष्येला टेबलाजवळ बोलावलं. बाकीचे जिन्यात होते.

"दुसऱ्या वेळी तुम्ही मला रडवलंत, खोटं नाही सांगत," बाई म्हणाल्या. "भूमिका तुम्हालाच द्यावी असं फार वाटतंय. पण पहिल्या वेळी तुम्ही थांबलात, मास्तर. हंगामात चाळीस प्रयोग आहेत. भर प्रयोगात असे थांबलात तर मराल कधी आणि पडदा पाडू कधी? तो सहावा बघा. एकदाही चुकला नाही."

"चुकला!" शिष्या उसळली. "तीन ठिकाणी चुकला! पट्टी भलतीच घेतली, जिथे तिथे थांबला, तिसऱ्या कडव्यात अर्धी ओळ आधी आला. सरांनी खांद्यावर घेऊन पोचवलंय त्याला."

"खरं का हो?" बाईंनी विचारलं.

साथीदाराने जे झाकलं ते बोलायचं नसतं, हा मास्तरांचा नेम. बायकोपाशीसुद्धा त्यांनी कधी कुणाचं नाव काढलं नव्हतं. पण ते गाणं अजून छातीत वाजत होतं, आणि ते त्यांना हवं होतं. कधी नव्हे ते एवढं हवं होतं.

"खरं आहे," ते म्हणाले, आणि त्यांची नजर खाली गेली.

बाईंनी कागदावर सहाव्याचं नाव शोधलं. "ठीक. बोलवा त्याला परत. आणि मास्तर, या वेळी कागदावर आहे तेवढंच वाजवायचं. एक सूर इकडचा तिकडे नाही. तो पडला, तर भूमिका तुमची."

एवढा सोपा व्यवहार मास्तरांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. करायचं काय, तर काहीच नाही. लिलाववाला आत आला, पोट सावरून उभा राहिला. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी सूर दिला, आणि लिलाववाल्याने पुन्हा वरचा लावला. मास्तरांनी दात आवळून कागदावरची पट्टी धरून ठेवली. हॉलमध्ये असा काही आवाज झाला की बाईंनी खांदे वर घेतले. पुढची ओळ त्याहून वाईट गेली. बरोबर चाललंय, मास्तर स्वतःला म्हणाले, अजून दोन ओळी फक्त.

मास्तरांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता. तो आखूड झाला होता. मग त्यात एक बारीकसा आवाज आला, गिळल्याचा. आपलं काय चुकतंय हे न कळणाऱ्या, घाबरलेल्या, चांगल्या पिकल्या वयाच्या माणसाचा आवाज. कंपनीतली सगळी वर्षं मास्तर त्याच एका आवाजाकडे कान लावून जगले होते.

डोकं म्हणालं, बसून राहा. हात ऐकेनात. जित्याची खोड म्हणतात ती अशी! आधी डावा हात गुपचूप वरच्या पट्टीत सरकला, मग उजवा. दोन मात्रांत पियानो लिलाववाल्याच्या खाली जाऊन उभा राहिला. श्वास मोकळा झाला, आवाज भरला. ओळ संपली, तो थांबला, आणि मास्तरांच्या बोटांनी तिथे पाणी ओतलं. आता भूमिका गेली, हे मास्तरांना त्याच क्षणी कळलं होतं. त्यांना रडू येत होतं आणि बोटं सुंदर वाजवत होती. खिडकीजवळ उभ्या शिष्येने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या कडव्याला तो अर्धी ओळ आधी सुटला तेव्हा मास्तर त्याच्या आधीच तिथे जाऊन पोचले होते.

"बघितलंत?" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "सुरुवातीला डगमगला, पण कसा सावरला! मला हंगामात असाच माणूस हवा, पडता पडता सावरणारा. मास्तर, मग काय म्हणत होतात तुम्ही?"

शिष्येने तोंड उघडलं. मास्तरांनी तिच्याकडे बघून मान हलवली.

"काही नाही," ते म्हणाले. "चांगला गातो."

बाई कारकुनाला नाव लिहून घ्यायला सांगत होत्या, तेवढ्यात लिलाववाला घाम पुसत पियानोपाशी आला. मोठ्या मनाने त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज, त्याला जमेल तेवढा, खाली आणला.

"मास्तर, सुरुवातीला तुम्ही भलत्याच पट्टीत घेतलंत. पण मी सांभाळून घेतलं. बाईंना काही बोललो नाही. वयाबरोबर होतं असं."

मास्तरांच्या तोंडात एक अस्सल शिवी आली. चांगली लांबरुंद होती, दोन पिढ्यांना पुरली असती. ती त्यांनी गिळली, पियानोवरची स्वरलिपी उचलली आणि खिशातून पेन्सिल काढली.

"उद्यापासून तालमी आहेत," ते म्हणाले. "कुठल्या पट्टीत घेऊ तुमच्यासाठी?"